फडकवण्याचा हक्क आणि न फडकवण्याचा



राष्ट्रध्वज हा विषय घेतला की वक्त्याचे काम सोपे होते. दोन हुतात्म्यांची नावे घ्यावीत, आवाज थोडा चढवावा, टाळ्या आपोआप पडतात. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते त्यांना असली टाळी आवडत नसे, असे त्यांच्या विद्यार्थ्यांकडून ऐकले आहे. म्हणून मी आज झेंड्याच्या थोरवीवर बोलणार नाही. झेंड्याच्या कायद्यावर बोलणार आहे, आणि त्या कायद्यात मला जी फट दिसते तिच्यावर.

सुरुवात रायगढपासून करतो. आपला रायगड नव्हे. आज छत्तीसगडात आणि तेव्हा मध्य प्रदेशात असलेले रायगढ. तिथल्या एका कारखान्याच्या कचेरीवर तिरंगा चढू लागला. कारखान्याचे एक संचालक नवीन जिंदल १९९२ साली टेक्सास विद्यापीठाच्या डॅलसच्या संस्थेतून एमबीए करून परतले होते. अमेरिकेत लोक घराच्या ओसरीवर, दुकानावर, पेट्रोल पंपावर बारा महिने आपला झेंडा लावतात. तसे आपणही का करू नये, एवढाच त्यांचा प्रश्न. सरकारी अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. खासगी माणसाला वाटेल त्या दिवशी राष्ट्रध्वज लावता येत नाही, असे त्यांनी बजावले.

इथे बसलेल्या तरुण मुलामुलींना हे खोटे वाटेल. ज्यांच्या सोसायटीचा सेक्रेटरी ऑगस्ट उजाडला की गॅलरीत झेंडा लावा म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसातून तीनदा निरोप टाकतो, त्यांना झेंडा लावला म्हणून सरकार अडवत होते हे कसे पटावे? पण २००२ सालापर्यंत कारभार असाच होता. सामान्य माणसाने प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन, गांधी जयंती, ६ ते १३ एप्रिलचा राष्ट्रीय सप्ताह अशा नेमून दिलेल्या दिवशी झेंडा लावावा. एरवी झेंडा कलेक्टर कचेरीचा, मंत्रालयाचा, लाल दिव्याच्या गाडीचा. स्वातंत्र्य मिळवताना जो रस्त्यावरच्या माणसाच्या हातात होता, तो स्वातंत्र्य मिळाल्यावर साहेबांच्या कपाटात गेला.

जिंदल दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि सप्टेंबर १९९५ मध्ये जिंकले. केंद्र सरकार अपिलात सर्वोच्च न्यायालयात गेले. अपील चालू असतानाच सरकारने समिती नेमली, निर्बंध सैल केले आणि २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू केली. म्हणजे खटल्याचा निकाल लागण्याआधीच झेंडा घराघरावर लावायची परवानगी मिळाली होती. तरीही २३ जानेवारी २००४ रोजी सरन्यायाधीश व्ही. एन. खरे यांच्या पीठाने जो निकाल दिला तो महत्त्वाचा आहे, कारण परवानगी वेगळी आणि हक्क वेगळा. आदराने राष्ट्रध्वज फडकवणे हा घटनेच्या कलम १९(१)(क) खालचा, म्हणजे भाषण आणि अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यातला मूलभूत हक्क आहे, असे न्यायालयाने म्हटले. ध्वजसंहिता हा कायदा नव्हे, त्या सरकारी सूचना आहेत, हेही सांगितले. हक्काला मर्यादा घालायची तर १९५० चा बोधचिन्हे व नावे यांच्या अनुचित वापराविषयीचा कायदा आहे आणि १९७१ चा राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियम आहे.

इथवर सारे झकास. पण निकालपत्रात पुढे एक अट आहे, आणि आजच्या माझ्या बोलण्याचा मुद्दा त्या अटीत आहे. जोवर झेंड्यातून राष्ट्रीयत्व, देशभक्ती आणि मातृभूमीचे प्रेम व्यक्त होते तोवर झेंडा वापरणे हा मूलभूत हक्क, असा त्या अटीचा आशय. आता विचार करा. झेंडा लावणे म्हणजे बोलणे, हे न्यायालयाने मान्य केले. आणि मग त्या बोलण्यात एकच वाक्य बोलायची मुभा दिली. "माझे देशावर प्रेम आहे" असे म्हणा, हवे तितक्या मोठ्याने म्हणा. "देशाचे हे चुकते आहे" असे त्याच झेंड्याने म्हणता येईल का? "आज मला झेंडा लावायचा नाही" असे म्हणता येईल का? निकालपत्रात याचे उत्तर नाही. त्या खटल्यात ते विचारलेही नव्हते, त्यामुळे न्यायमूर्तींना दोष देण्यात अर्थ नाही. पण गेल्या वीस वर्षांत ते वारंवार विचारले गेले आहे, आणि दरवेळी उत्तर देण्याचे काम पोलीस ठाण्यातल्या अंमलदारावर पडले आहे.

आता जरा मागे जाऊ. आपला झेंडा जन्माला आला तोच हुज्जत म्हणून. २२ ऑगस्ट १९०७ रोजी जर्मनीतल्या स्टुटगार्टला समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मॅडम कामांनी हिंदुस्थानचा म्हणून एक झेंडा उभारला. त्या झेंड्यामागे राज्य नव्हते, सैन्य नव्हते, कसली मान्यता नव्हती. होते ते एका बाईचे म्हणणे. तो झेंडा पुण्याला केसरी वाड्यात आहे. पुण्याला जाणाऱ्यांनी चितळ्यांच्या दुकानाआधी तिथे जावे.

नागपूरचा झेंडा सत्याग्रह आपण पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकतो. तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. १९२३ सालची गोष्ट. झेंडा तेव्हा पांढरा, हिरवा, तांबडा आणि मध्ये चरखा असलेला. आधी जबलपूरला झेंड्यावरून ठिणगी पडली आणि मग १ मेपासून नागपुरात सत्याग्रह सुरू झाला. मागणी काय होती? स्वराज्य नव्हे, करमाफी नव्हे. सिव्हिल लाइन्समधून, म्हणजे गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांच्या भागातून, झेंडा हातात घेऊन चालत जाऊ द्या. बस. सरकारने १४४ कलम लावले. स्वयंसेवकांची तुकडी निघायची, हद्दीवर अडवली जायची, तुरुंगात जायची, दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी. जमनालाल बजाज नेतृत्व करत होते. त्यांना अठरा महिन्यांची सजा आणि तीन हजार रुपये दंड झाला. दंडापोटी त्यांची मोटार जप्त झाली, तर नागपुरात लिलावात बोली लावायला माणूस मिळेना. पुढे वल्लभभाई पटेल आले. दीड हजारांहून जास्त लोक आत गेले, तेव्हा कुठे १८ ऑगस्टला मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून पार पडली.

सरकारची बाजू काय होती तीही ऐकून घ्या, कारण ती आजही कानावर येते. या झेंड्याने इतर लोकांच्या भावना दुखावतात, शांततेचा भंग होतो, हा झेंडा प्रस्थापित राज्याचा अवमान करतो. युनियन जॅकबद्दल आदर बाळगणाऱ्या साहेबाच्या भावना खरोखरच दुखावत असतील. त्या दुखावल्या म्हणून आपल्या लोकांनी झेंडा खाली ठेवला नाही. १९४२ च्या ९ सप्टेंबरला नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गोळ्या खाऊन पडले तेही झेंडा खाली ठेवला नाही म्हणूनच.

तिरंगा झाल्यावर त्याला पहिला मोठा नकार कुणी दिला हे आपल्याला सहसा सांगितले जात नाही. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेत नेहरूंनी ध्वजाचा ठराव मांडला. चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरचे चक्र आले. ठराव एकमताने झाला. गांधीजी सभेचे सदस्य नव्हते. चरखा नसेल तर त्या झेंड्याला मी वंदन करणार नाही, असे त्यांनी त्या दिवसांत सांगितले होते. आज कुणी असे म्हणाला तर संध्याकाळपर्यंत त्याच्या दारात माणसे जमतील. गांधीजींचा देशावर राग नव्हता. चरखा म्हणजे गरिबाचे पोट, आणि ते झेंड्यावरून निघाले याचे त्यांना वाईट वाटले. वंदनाला नकार हे त्यांचे देशप्रेमच होते. पण ते दुरून, गणवेशातल्या माणसाला, कसे ओळखू यावे?

म्हणूनच आता कायद्याकडे येतो. १९७१ च्या कायद्याचे दुसरे कलम म्हणते की सार्वजनिक ठिकाणी किंवा लोकांच्या नजरेसमोर जो राष्ट्रध्वज जाळील, फाडील, विद्रूप करील, तुडवील, किंवा शब्दाने वा कृतीने त्याचा अवमान करील, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पुढे स्पष्टीकरणे आहेत. झेंड्याचे चित्र, फोटो, आकृती म्हणजेही झेंडाच. २००३ आणि २००५ च्या दुरुस्त्यांनी यादी वाढली: कमरेखालच्या कपड्यावर झेंडा नको, उशीवर नको, हातरुमालावर नको, त्यावर अक्षरे नकोत, मुद्दाम जमिनीला टेकवू नये, केशरी बाजू मुद्दाम खाली करू नये.

या साऱ्यात जाळण्याकडे जरा पाहू. ध्वजसंहितेतच लिहिले आहे की झेंडा मळला, फाटला तर तो इकडेतिकडे टाकू नये. खासगीत, शक्यतो जाळून, पूर्ण नष्ट करावा. म्हणजे कापड तेच, काडी तीच, ज्वाळा तीच. एके ठिकाणी आदर आणि दुसऱ्या ठिकाणी तीन वर्षे. फरक कशात आहे? जाळणाऱ्याला काय म्हणायचे आहे त्यात. तेव्हा हा कायदा कापडाचे रक्षण करत नाही, तो म्हणण्याला शिक्षा करतो. आणि म्हणण्याला शिक्षा करायची झाली तर आपल्या घटनेने कारणे मोजून दिली आहेत. कलम १९(२) उघडा. देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. यात 'राष्ट्रप्रतिष्ठा' हे कारण नाही. १९७६ साली मूलभूत कर्तव्ये आली, त्यांत ध्वजाचा आदर करणे हे पहिल्याच पोटकलमात आहे. पण ती कर्तव्ये न्यायालयातून वसूल करण्याजोगी नाहीत. त्यामुळे १९७१ चा कायदा घटनेत बसवायचा तर तो अरुंद करूनच बसवावा लागतो.

याच प्रश्नावर अमेरिकेत काय झाले? योगायोग पाहा, तेही डॅलसलाच. मॅडम कामांच्या झेंड्याला बरोबर ७७ वर्षे झाली त्या दिवशी, २२ ऑगस्ट १९८४ रोजी, रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन चालू असताना निदर्शनांत ग्रेगरी ली जॉन्सन या तरुणाने नगरभवनासमोर अमेरिकेचा झेंडा जाळला. एक वर्ष कैद, दोन हजार डॉलर दंड. १९८९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती शिक्षा रद्द केली. निकाल न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिला आणि त्यांच्या बाजूने स्कॅलिया यांच्यासारखे कट्टर परंपरावादीही होते. काँग्रेसने लगेच नवा कायदा केला, तोही पुढच्या वर्षी न्यायालयाने उडवला. जे शिकायला गेलेल्या एका भारतीय मुलाला झेंडा लावण्याचा ध्यास देते, तेच शहर दुसऱ्याला तो जाळू देते. आणि तिथे आजही बारा महिने ओसऱ्यांवर झेंडे आहेत.

मला त्या खटल्यातला सर्वांत आवडता माणूस जॉन्सन नाही. निदर्शने आटोपल्यावर एक साक्षीदार पुढे आला, त्याने जळलेल्या झेंड्याचे तुकडे गोळा केले आणि घरी नेऊन आपल्या परसात पुरले. ब्रेनन यांनी त्याचा उल्लेख निकालात केला आहे. त्याने जॉन्सनला मारले नाही, कुणाच्या घरावर मोर्चा नेला नाही. ज्याला तो अवमान वाटला त्याला त्याने स्वतःच्या हाताने उत्तर दिले. आदर असा असतो.

तरीही मी ब्रेनन यांच्या इतका पुढे जात नाही. तुम्ही मनात जे म्हणत आहात ते मला ऐकू येते. ज्या घरात तिरंग्यात गुंडाळलेली पेटी आली, त्या घरातल्या आईसमोर झेंडा जाळणे म्हणजे नुसते बोलणे, असे तिला कोण सांगणार? सातारा, कोल्हापूरकडच्या कितीतरी गावांनी अशी पेटी पाहिलेली आहे. तो झेंडा चितेवर ठेवत नाहीत, संहितेतही तसे सांगितले आहे. तो आधी उचलतात, घडी करतात आणि घरच्यांच्या हातात देतात. त्या घडीचे वजन मी नाकारत नाही. चौकात, भरगर्दीत, मुद्दाम डिवचण्यासाठी झेंडा जाळणारा माणूस शांतता बिघडवतो, आणि त्याला दंड करणारा कायदा असण्याला माझी हरकत नाही. हरकत तीन वर्षांच्या कैदेला आहे. आणि त्याहून जास्त, त्या कैदेची भीती ज्यांनी काहीच जाळले नाही त्यांना दाखवली जाते, याला.

कोण आहेत ते? २०१३ च्या नाताळात कोइम्बतूरला एक समारंभ झाला. सहा फूट बाय पाच फुटांचा केक, त्यावर भारताचा नकाशा, तिरंगा आणि चक्र. व्यासपीठावर जिल्हाधिकारी, पोलीस अधिकारी, धर्मगुरू. केक कापला, सगळ्यांनी खाल्ला. तक्रार झाली: झेंड्यावर सुरी चालवली! चित्र म्हणजेही झेंडा, हे स्पष्टीकरण आहेच की. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मार्च २०२१ मध्ये न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी ते रद्द केले. केक खाताना तिथल्या माणसांच्या मनात अभिमान होता की अवमान, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला. सात वर्षे लागली या प्रश्नाला. क्रिकेटवीरांच्या केकवरून, बायकांच्या साड्यांवरून आपल्याकडे काय काय रंगले ते तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलेच असेल.

आपल्या मुंबईचेच बघा. डिसेंबर २०११ मध्ये अण्णा हजारे वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीएच्या मैदानावर उपोषणाला बसले. त्या आंदोलनात तिरंगा किती फडकला! गालावर, मनगटावर, मोटरसायकलवर. सरकारविरुद्धचा सारा राग त्या झेंड्यानेच व्यक्त होत होता आणि कुणाला त्यात अवमान दिसला नाही. योग्यच होते ते. त्याच मैदानावर असीम त्रिवेदी या तरुण व्यंगचित्रकाराची चित्रे लागली. संसद, संविधान, राजमुद्रा यांची भ्रष्टाचाऱ्यांनी काय दशा केली, हे त्याने ओंगळ भाषेत काढले होते. मला स्वतःला ती चित्रे सुमार वाटली. राग आहे, रेषा नाही. पण सुमार चित्र हा गुन्हा नव्हे. सप्टेंबर २०१२ मध्ये त्याला अटक झाली. राजद्रोहाचे कलम लावले, त्याच्या जोडीला १९७१ चा कायदा. राजद्रोह पुढे महिन्याभरात मागे घेतला गेला आणि २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राजद्रोह कधी लावावा याची चौकट घालून दिली. १९७१ च्या कायद्यासाठी तशी चौकट अजून कुणी घातलेली नाही.

गंमत म्हणजे ती चौकट कायद्यातच आहे. दुसऱ्या कलमाचे पहिलेच स्पष्टीकरण सांगते की ध्वज किंवा संविधान कायदेशीर मार्गाने बदलून घेण्याच्या हेतूने ध्वजावर, संविधानावर किंवा सरकारच्या एखाद्या धोरणावर केलेली टीका, दाखवलेली नापसंती हा गुन्हा नाही. गांधीजींचा चरख्यासाठीचा नकार या स्पष्टीकरणात अलगद बसला असता. १९७१ च्या संसदेला एवढे शहाणपण होते. गुन्हा नोंदवताना हे स्पष्टीकरण किती ठाण्यांत वाचले जाते, हा प्रश्न मी इथल्या वकील मित्रांवर सोडतो.

झेंडा लावला म्हणून खटला, असेही आपल्याकडे घडले आहे. २६ जानेवारी २००१ रोजी नागपुरात काही तरुणांनी संघाच्या आवारात शिरून तिरंगा फडकवला. गुन्हा नोंदला गेला आणि २०१३ मध्ये ते निर्दोष सुटले. परवानगीवाचून दुसऱ्याच्या आवारात शिरू नये, हे मान्यच. पण बारा वर्षे!

आता नकाराकडे येतो, कारण फडकवण्याच्या हक्काची दुसरी बाजू तीच आहे. मला बोलायचा हक्क असेल तर गप्प बसायचाही असला पाहिजे. नाहीतर ते बोलणे नसून हजेरी असते. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, १९४३ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर वेस्ट व्हर्जिनियातली शाळकरी मुले आली. त्यांचा यहोवाचे साक्षीदार हा पंथ. देवाखेरीज कशालाही वंदन करायचे नाही. झेंड्याला सलाम न केल्याबद्दल शाळेने काढले. तीनच वर्षांपूर्वी त्याच न्यायालयाने अशा मुलांच्या विरोधात निकाल दिला होता. तो निकाल त्याच न्यायालयाने उलटवला. सक्तीचा सलाम बेकायदा ठरला, आणि तोही देश युद्धात असताना.

आपल्याकडे त्याच पंथाची तीन भावंडे केरळातल्या शाळेतून १९८५ साली काढली गेली. राष्ट्रगीत चालू असताना ती नीट उभी राहात, फक्त गात नसत. १९८६ मध्ये न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी त्यांना शाळेत परत घ्यायला लावले. उभे राहणे हा आदर आहे, न गाणे हा अवमान नव्हे, आणि गायलाच हवे असा कायदा देशात नाही. मला आपल्या न्यायालयांच्या निकालांत हा निकाल जिंदल निकालाहूनही मोठा वाटतो. जिंदल निकालाने ज्याला झेंडा हवा आहे त्याला तो दिला. या निकालाने, जी तीन मुले कुणाच्याच कामाची नव्हती, ज्यांच्यामागे मते नव्हती, पैसा नव्हता, त्यांना गप्प उभे राहू दिले.

सक्तीचे ताजे रूप पाहा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घरोघरी तिरंग्याची मोहीम निघाली. मोहीम चांगलीच होती. कोकणातल्या वाड्यांवर, धारावीतल्या पत्र्याच्या खोल्यांवर झेंडे लागले, ते लोकांनी आनंदाने लावले. पण हरियाणात कर्नालला एका रेशन दुकानात लोकांना सांगितले गेले की आधी वीस रुपयांचा झेंडा घ्या, मग धान्य. ओरड झाल्यावर त्या दुकानदारावर कारवाई झाली. पोटाच्या धान्यावर झेंडा टांगायचा, याहून मोठा ध्वजाचा अवमान मला सुचत नाही. आणि तो १९७१ च्या कायद्यात कुठल्याच यादीत नाही.

आदर, आदर म्हणतो आपण, तर तो कुणाकडे मागायचा तेही ठरवू या. सरकारी मानकांत पहिला क्रमांक राष्ट्रध्वजाचा आहे. सूत, वीण, रंग, चक्राचे चोवीस आरे, लांबी-रुंदीचे ३:२ प्रमाण, सगळे ठरलेले. हुबळीजवळ बेंगेरीला आणि आपल्या नांदेडला खादीचे झेंडे या मापांनी तयार होतात. त्या मापात चूक झाली तर माल परत येतो. ३० डिसेंबर २०२१ रोजी संहिता बदलली आणि यंत्रावरचे पॉलिस्टरही चालू लागले. लाखोंनी झेंडे हवे होते, खादी पुरली नसती, हे खरे. पण नंतर बाजारात जे झेंडे आले त्यांत चक्र मध्यावर नव्हते, पट्टे कमीजास्त होते, शिवण उसवलेली होती. ज्यांनी ते पुरवले त्यांच्यावर किती गुन्हे नोंदले गेले?

जिल्हाधिकारी दरवर्षी पत्रक काढतात: प्लास्टिकचे झेंडे वापरू नका, पडलेले उचला, तहसीलला जमा करा. १६ ऑगस्टला सकाळी सिग्नलपाशी उभे राहून पाहा काय होते ते. आदल्या दिवशी ज्या पोराने दहा रुपयांना झेंडा विकला, त्याच्याच पायाखाली तो असतो. कायद्याच्या अक्षराने पाहिले तर चौकातून गेलेला प्रत्येक जण गुन्हेगार. कुणालाच पकडत नाहीत, पकडूही नये. पण मग व्यंगचित्रकाराला आणि केकवाल्यांना वेगळा न्याय का? उत्तर उघड आहे. चिखलातला झेंडा कुणाला बोचत नाही, कारण तो काही म्हणत नाही. आपल्याला राग झेंडा मळल्याचा येत नाही. झेंड्यावरून कुणी वेगळे काही म्हटले की येतो.

मोठमोठ्या खांबांवरच्या झेंड्यांची तीच कथा. कोल्हापुरात तीनशे फुटांवर खांब आहे. एवढे मोठे कापड वाऱ्यात फाटते, आणि फाटलेला झेंडा लावू नये असे संहिता सांगते. खांब उभारताना उंचीची बातमी होते. कापड बदलायला दरसाल किती खर्च येणार, हे नगरपालिकांनी अंदाजपत्रकात आधी लिहावे आणि मग खांब उभारावा.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच. जिंदल निकालाने झेंडा लावणे हे बोलणे ठरवले; ते आता शेवटपर्यंत पाळावे. झेंडा लावून सरकारची स्तुती करणारा, झेंडा घेऊन सरकारविरुद्ध बसणारा, आणि झेंडा न लावता घरात बसलेला, तिघेही त्याच हक्काखाली आहेत. अवमानाचा हेतू सिद्ध झाल्याशिवाय गुन्हा नसावा, आणि झाला तरी शिक्षा दंडाची असावी, कैदेची नव्हे. पॉलिस्टरचे वाकडे चक्र विकणाऱ्याला, रेशनवर झेंडा लादणाऱ्याला मात्र जबाबदार धरावे; तिथे कुणाच्या अभिव्यक्तीचा प्रश्नच नाही.

हे व्हायला संसदेची वाट पाहावी लागेल. पण एक गोष्ट उद्या सकाळी करता येण्यासारखी आहे आणि तिच्यासाठी मी इथल्या वकिलांना, शिक्षकांना आणि सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना विनंती करतो. १९७१ च्या कायद्याच्या दुसऱ्या कलमाचे पहिले स्पष्टीकरण मराठीत, ठळक अक्षरांत छापून घ्या. एक प्रत आपल्या पोलीस ठाण्यात नेऊन द्या, एक शाळेच्या फलकावर लावा, आणि एक सोसायटीच्या नोटीस बोर्डावर, झेंडावंदनाच्या वेळापत्रकाशेजारी.